नोंदली पेढी

होसपेट
२६ जुलै १९९२

चंद्रमतीअक्का,

इथूनच वाकून नमस्कार. जवळ असतो तर आधी तुझ्या पेल्यातली अर्धी कॉफी पळवली असती, मग नमस्कार केला असता.

तुझं कार्ड मिळालं. ‘डायरेक्ट टॅक्स पुन्हा गेला. एक पेपर गेला म्हणजे अख्खा ग्रुप गेला. बाकी बरं.’ एवढंच! बाकी काय बरं ते एका ओळीत लिहायचंस ना. मामांचा गुडघा? शेषम्माच्या म्हशी? की तेही गेलं आणि तू ‘बरं’ लिहून मोकळी झालीस?

मी सध्या गच्च्यांवर राहतो म्हटलंस तरी चालेल. पापनाशमचा गणेशकुमार आठवतो? रेडिओ दुरुस्त करायचा तो. त्याने आता टीव्हीच्या त्या मोठ्या ताटल्या बसवायचा धंदा काढलाय. मी गच्चीवर ताटली आभाळाकडे वळवत बसतो आणि खाली घरमालक ओरडतो, ‘आलं, आलं! गेलं! अरे आलं होतं की!’ काल एका घरी चित्र आलं ते कुठल्या तरी बर्फाळ देशाचं. म्हातारी आजीबाई पदर गच्च लपेटून बसली. म्हणाली, आता बंद करा, थंडी वाजते. असो. मी काय सांगत होतो?

हां, तुझा पेपर. दहावीत आपटलेल्या माणसाने सीए फायनलवाल्या अक्काला अभ्यास शिकवावा म्हणजे नवलच. पण एक गोष्ट मला येते. तिरुवैयारूला रघुपती भागवतरांच्या हरिकथेत मी चार वर्षं मागे उभा राहून सूर धरला. मला सतराचा पाढा येत नाही, पण त्यांच्या कथांमधली प्रत्येक साकी, प्रत्येक दिंडी अजून येते. का? चालीवर बसलीय म्हणून. चाल ओळीला हात धरून घेऊन येते. आपल्याकडे कथा तमिळमध्ये असो नाहीतर तेलुगूत, दिंडीची चाल आली की बुवा मराठीच होतात, तू पाहिलंयस.

तर तुझी कलमं दिंडीत बांध. हसू नकोस. पुस्तक वाचतेस तेव्हा कलम डोळ्यात राहतं, आणि परीक्षेत डोळ्यांपुढे पुस्तक नसतं. तोंडात राहिलं तर कोण काढून घेणार?

उत्तर गणेशकुमारच्या सोलापूरच्या दुकानावर पाठव. आपल्या मराठी लिपीतच लिही. भागवतरांनी पदं वाचायला म्हणून आपल्या दोघांना ती शिकवली, ते या पत्रांसाठीच असणार. मामा मराठी बोलतील दिवसभर, पण वाचतील ते तमिळ आणि इंग्लिश. पत्र तिण्णैवर, दारापुढच्या ओट्यावर, उघडं पडलं तरी भीती नाही.

तुझा कार्ती

*

तंजावर
३० ऑगस्ट १९९२

कार्तिकेया,

आत्याने नाव ठेवताना विचार करायला हवा होता. जग हिंडायला निघालास, मोर कुठाय?

पत्र वाचून मी हसले आणि वही मिटून ऑफिसला गेले. त्या दिवशी सांबशिव सरांनी बोलावलं. तुला माहीत आहे, सर कमी बोलतात. म्हणाले, “चंद्रमती, सही करताना माझा हात थरथरायला लागलाय. त्रिचीची एक पार्टी ऑफिस घ्यायला तयार आहे. त्यांना मी पुढच्या जुलैपर्यंत थांबवलंय. तोवर तू पास झालीस तर पाटीवर तुझं नाव लावतो. नाहीतर मला द्यावंच लागेल, अम्मा.”

म्हणजे मला दोन संधी आहेत. नोव्हेंबर, आणि तो हुकला तर मे. त्रिचीवाले आपली माणसं घेऊन येतील. आठ वर्षं ज्या टेबलाशी बसले तिथे मी कुणाला तरी फाइल काढून देत उभी असेन. अप्पांना हे सांगितलं नाही. सांगितलं की ते म्हणतील, मग लग्न कर.

घरी आले आणि तुझी दिंडी आठवली. बघावं म्हणून पेढीचं प्रकरण घेतलं. चार माणसं भागीदारीत धंदा करतात ती पेढी. ती कर खात्यात नोंदवलेली असली तर पेढीला कर थोडा, मग नफ्याची वाटणी भागीदारांकडे जाते आणि तिथे त्यांना पुन्हा कर. नोंदवलेली नसली तर पेढीच पिळून निघते. पुस्तकात याला बारा पानं आहेत. माझं झालं ते असं:

नोंदली पेढी, कर तियेस थोडा;
नसे नोंदीची, तीस घाल खोडा.
वाटणी जाते भागिदार दारी;
पुन्हा तेथेही कर तयास भारी.

कार्ती, सकाळी उठले तर तोंडात हेच. दात घासताना हेच. मग थांबवेना. भांडवली नफा झाला, दानधर्माच्या सवलती झाल्या. नवऱ्याने बायकोच्या नावावर काही केलं तरी त्याचं उत्पन्न नवऱ्याचंच धरायचं, ते कलम मी तिण्णैवर बसून म्हणत होते:

दिले पत्नीला पतीनेच काही,
तयाचे फळ ते पतीशिरी जाई.

शेषम्मा दूध घेऊन आली होती. घागर खाली ठेवून तिने हात जोडले. “किती गोड गं! सावित्रीचं आख्यान का?” मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? आता ती रोज त्या वेळेला येते आणि ‘ते सावित्रीचं म्हण’ म्हणते. अप्पाही अंघोळ करताना पेढीची दिंडी गुणगुणतात. त्यांना वाटतं मी भक्तिमार्गाला लागले आणि परीक्षेचं खूळ सुटलं. खूश आहेत.

नोव्हेंबरला जुनाच कायदा आहे. या फेब्रुवारीच्या बजेटने पेढीपासून भांडवली नफ्यापर्यंत सगळं उलथलंय म्हणतात, पण ते परीक्षेला लागतं मे महिन्यापासून. त्याच्या आत उरकून टाकते.

अप्पांच्या गुडघ्याचं विचारलंस. गुडघा आहे तिथेच आहे. शेषम्माची धाकटी म्हैस व्याली.

चंद्रमती

*

सोलापूर
२० सप्टेंबर १९९२

अक्का,

सावित्रीचं आख्यान मी गणेशकुमारला वाचून दाखवलं. तो शिडीवर होता. उतरल्यावर म्हणाला, “म्हणजे बायकोच्या नावावर दुकान केलं तरी सुटका नाही?” त्याचा चेहरा पडला. त्याने केलेलं आहे बहुतेक.

इथे माझं मराठी ऐकून लोक थांबतात. एक पानवाला म्हणाला, “भाऊ, तुम्ही पोथीतनं उठून आलात काय?” मी म्हटलं, तंजावरहून. तो म्हणाला, तेच ते. आणि पानाचे पैसे घेतले नाहीत. मग मी रोज पोथीतून उठून जायला लागलो. तिसऱ्या दिवशी त्याने घेतले.

पण ऐक, तुझ्या कामाचं. इथल्या एका ऑडिटरच्या गच्चीवर ताटली बसवली. जाड चष्मा, पोटावर बनियन. मी वरून विचारलं, साहेब, टॅक्सच्या पेपरात माणूस कुठे मरतो? ते म्हणाले, “खाली ये, चहा घे, सांगतो.” त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं देतो. प्रश्न वाचायचा तो शेवटून, कारण काय मागितलंय ते शेवटच्या ओळीत असतं; वरची सगळी कहाणी भूल पाडायला असते. आकडेमोड उत्तराच्या खाली निराळी दाखवायची, म्हणजे बेरीज चुकली तरी तपासणाऱ्याला तुझं डोकं दिसतं. कलमाचा नंबर पक्का असेल तरच घालायचा. चुकीच्या नंबरापेक्षा नियम सांगितलेला बरा. आवडतं प्रकरण शेवटच्या आठवड्यात उघडायचंच नाही, माणूस तिथेच लोळत पडतो. आणि पेनचं टोपण काढलं की पहिलं काम, उत्तराच्या डोक्यावर कराचं साल लिहायचं. म्हणाले, “टॅक्समध्ये सगळं खरं असतं, फक्त कुठल्या साली ते विचारायचं.”

मग त्यांनी चित्र बघितलं. क्रिकेट आलं होतं. मला विसरले. मीही चहा पिऊन दोन डाव बघितले आणि ज्या दुसऱ्या घरी जायचं होतं ते राहिलं. गणेशकुमार अजून बोलत नाही माझ्याशी.

नोव्हेंबर फत्ते कर.

कार्ती

*

बीदर
२५ नोव्हेंबर १९९२

अक्का, पेपर होऊन गेले असतील. दोन महिने तुझं अक्षर नाही. दिंडीवरून रागावलीस का? की हॉलमध्ये मोठ्याने म्हटलीस आणि बाहेर काढलं? एक ओळ टाक. ‘बाकी बरं’ लिहिलंस तरी चालेल.

कार्ती

*

तंजावर
१० जानेवारी १९९३

कार्ती,

रागावले नव्हते. पिवळी झाले होते. ऑक्टोबरात कावीळ निघाली, डोळ्यांपासून नखांपर्यंत. दीड महिना कीळानेल्लीचा, म्हणजे भुईआवळ्याचा, पाला ताकात वाटून प्याले, आणि मीठ नाही, तेल नाही, नुसता भात. परीक्षेच्या दिवशी मी चटईवर भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि माझ्या तोंडात, तुला सांगते, पेढी चालली होती. ‘कर तियेस थोडा.’ शेषम्मा उशाशी बसून म्हणे, “बघा, तापातही देवाचं नाव.”

म्हणजे आता मेच राहिला. एकच.

आणि मेला नवा कायदा. नवं पुस्तक आणलं. पेढी नोंदलेली की बिननोंदीची हा भेदच त्यांनी मोडीत काढलाय. आता सगळ्या पेढ्यांना एकच दर, कर पेढीनेच भरायचा, आणि भागीदाराकडे जाणाऱ्या वाटणीवर काही नाही. पूर्वी जुनी मालमत्ता विकली तर हवं तर तिची चौऱ्याहत्तर सालची किंमत धरता यायची; आता ती एक्क्याऐंशीची. मी वाचलं, मला समजलं, अगदी लख्ख समजलं. मग पोस्टाने येतो तो सरावाचा पेपर घड्याळ लावून सोडवायला बसले.

उत्तर लिहून झालं आणि वाचलं. मी पेढी नोंदली होती. तिला थोडा कर लावला होता, वाटणी दारोदार पोचवली होती आणि तिथे पुन्हा कर घेतला होता. एका हातात नवं पुस्तक, दुसऱ्या हाताने जुना कायदा. डोक्यावर साल मात्र नवं लिहिलं होतं, तुझ्या सोलापूरच्या साहेबांच्या आज्ञेप्रमाणे.

पुन्हा सोडवला. पुन्हा तेच. हात दिंडीच्या मागे जातो. घाई झाली की मी विचार करत नाही, मी म्हणते. ज्यांनी नुसतं घोकलं ते विसरून नवं शिकतील. मी काय करू? चालीवर बसलेलं विसरता येत नाही, हे तूच लिहिलंस ना?

मग नवी ओळ करून बघितली. आता दोन्ही ओळी येतात, आणि कुठली आधी येईल ते तिचं तिलाच ठाऊक.

रागावले नव्हते असं वर लिहिलंय. आता थोडी रागावले आहे.

चंद्रमती

*

तिरुवैयारू
२ फेब्रुवारी १९९३

अक्का,

वरचं गावाचं नाव वाचून ओरडू नकोस, मामा ऐकतील. हो, मी तिरुवैयारूत आहे. तुझ्यापासून एका बसवर. तंजावरला आलो नाही, कारण मामा ओरत्तनाडूच्या कचेरीतली ती शिपायाची जागा पुन्हा दाखवतील आणि मी पुन्हा हो म्हणून पुन्हा पळेन. त्यांना दोनदा वाईट वाटायला नको.

तुझं पत्र मी सोलापूर स्टेशनवर वाचलं आणि गणेशकुमारला म्हटलं, मी जातो. तो म्हणाला, “अर्धी ताटली वळवून?” मी म्हटलं, माझ्यामुळे एका बाईचं नुकसान झालंय. त्याने दुसराच अर्थ घेतला आणि लगेच सोडलं.

दोन दिवस मी नवी दिंडी बांधत बसलो होतो. गाडीत, नदीच्या पायऱ्यांवर. झकास झाली. गुळगुळीत. म्हणून घेऊन गेलो भागवतरांकडे. ते आता फार थकलेत, बसून कथा करतात. म्हणाले, “आलास? बरं झालं. आज मागे कुणी नाही. उभा राहा.” मी म्हटलं, बुवा, माझं एक काम आहे. “कथेनंतर.”

नदीकाठच्या मंडपात तीस-चाळीस माणसं. मी मागे उभा राहिलो, टाळ हातात. प्रवासाचा शिणवटा होता, वारा सुटला होता, आणि भागवतर सीतेच्या शोधाला निघाले होते ते काही पोचत नव्हते. मी उभ्या उभ्या झोपलो, अक्का. तोंड चालू होतं, टाळ चालू होता आणि मी झोपलो होतो. एकाएकी दचकून जागा झालो. काय झालं कळेना. लोक शांत बसलेले, बुवा पुढे निघालेले.

नंतर पाणी देताना विचारलं.

“झोपला होतास ना?” म्हणाले.

“तुम्हाला कसं कळलं?”

“चार वर्षं झोपायचास, मला कळणार नाही? ओळीतली एक मात्रा मी गिळली.”

“मला हाक मारायची.”

“हाक मारली तर लोकांना कळतं. मोडलेली चाल कुणालाच कळत नाही. ज्याला ती पाठ आहे तोच दचकतो.” मग म्हणाले, “तुझं काम सांग.”

मी म्हटलं, झालं.

अक्का, नीट ऐक. मी बांधलेली गुळगुळीत दिंडी मी कावेरीत टाकली. तू जुनी ओळ विसरू नकोस. विसरायचा प्रयत्नही करू नकोस. जीभ सवयीने जाते तिथे जाऊ दे, आणि कायदा जिथे बदललाय तिथेच ओळीचा पाय मोड. अशी:

नोंदली पेढी, छे, आता सगळ्या एकसारख्याच.

बघ, कशी धाडकन पडते! आणि दुसरी:

वाटणी जाते भागिदार दारी;
पुन्हा तेथेही आता काही काही काही नाही.

म्हणवत नाही ना? छान. हीच म्हण. रोज. सुधारू नकोस. अर्धी ओळ जुनी चालेल, मग ठेच लागेल, तू जागी होशील आणि विचार करशील. जिथे कायदा तसाच आहे तिथे दिंडी धावू दे. जिथे लंगडते तिथे बदल.

मी उद्या निघतो. मामांना सांगू नकोस.

कार्ती

*

तंजावर
२१ मार्च १९९३

कार्ती,

अप्पांना तुझं पत्र यायच्या आधीच कळलं होतं. तिरुवैयारूत तू शिंकलास तर तंजावरात कुणीतरी ‘शतायुषी हो’ म्हणतं. अप्पा म्हणाले, “एका बसवर होता आणि आला नाही?” आणि जेवले नाहीत त्या रात्री. मी डांगर पचडी केली होती, तुझ्या आवडीची, योगायोगाने. ती शेषम्माने नेली.

आता दिंडीचं. पहिले आठ दिवस मला तुझा राग येत होता. इतकी सुंदर चाललेली ओळ अशी मध्येच खाली पाडायची, अंगावर काटा येतो. मोडायचं कसं ते शिकावं लागतं. जीभ आपोआप नीट करायला जाते. पण बसली. परवा सरावाचा पेपर सोडवला. पेन ‘नोंदली पेढी’पाशी पोचलं आणि थांबलं. मी नाही थांबवलं, ते थांबलं. मग मी खिडकीबाहेर बघितलं, श्वास घेतला आणि नवा कायदा लिहिला. गुण बरे आले.

अप्पांचा मात्र विरस झालाय. “छान म्हणत होतीस की गं. मध्येच काय होतं तुला? त्या काविळीने आवाज गेला का?” आणि स्वतः अंघोळीत नीट म्हणून दाखवतात, ‘कर तियेस थोडा’, मोठ्याने, मला ऐकू जाईल असं. मी कानात बोटं घालून बसते. घरातच जुना कायदा गातोय.

चौऱ्याहत्तरच्या जागी एक्क्याऐंशी मात्र मी सरळ बसवला. दोन्ही शब्द मापाने सारखे आहेत, ओळ जराही हलत नाही. तेवढी एक तरी गोड राहू दे.

फेब्रुवारीअखेर या वर्षीचं बजेट आलं. सर रेडिओ लावून बसले होते. मी बाहेर उभी होते, आता काय काय मोडणार म्हणून. ते माझ्या परीक्षेला नाही, तरी शेवटपर्यंत ऐकलं. सरांनी त्रिचीवाल्यांना पुन्हा एकदा जुलै सांगितला. “पण आता शेवटचं,” म्हणाले.

चंद्रमती

*

तंजावर
१६ मे १९९३

कार्ती,

झाला पेपर.

त्रिचीला आदल्या दिवशी जाऊन राहिले, अप्पा सोबत आले. परीक्षा संपेपर्यंत ते शाळेच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली उभे होते. बसा म्हटलं तर म्हणाले, गुडघा बसल्यावर जास्त दुखतो.

पहिलं काम, सालं लिहिली. प्रश्न शेवटून वाचला. तिसरा प्रश्न पेढीचा, भला मोठा, तीन भागीदार आणि त्यातला एक मध्येच वारलेला. लिहायला लागले आणि ओठ हलत असावेत. हॉलमधली बाई वाकून म्हणाली, “काय म्हणताय? कुणाला सांगताय?” मी म्हटलं, पद आहे. ती म्हणाली, “कुठल्या देवाचं?” मी म्हटलं, पेढीचं. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेली. पण ठेच लागली, कार्ती. दोन्ही ठिकाणी लागली. मी पेन ठेवून दोन्ही वेळा विचार केला. ते उत्तर बरोबर आहे; मला माहीत आहे.

मग भांडवली नफ्याचा प्रश्न आला. वडिलोपार्जित घर विकलेलं. भराभर लिहिलं. पेपर दिला, बाहेर आले, अप्पांनी पाण्याची बाटली पुढे केली, मी घोट घेतला आणि आठवलं. चौऱ्याहत्तर लिहिलं होतं. एक्क्याऐंशी जिथे इतका गोड बसला होता, तिथे चौऱ्याहत्तरही तितकाच गोड बसला आणि मला कळलंच नाही. जी एक ओळ मोडली नाही तीच चुकली.

आकडेमोड खाली निराळी दाखवली आहे. तपासणाऱ्याला डोकं दिसलं तर थोडे गुण देईल. काठावर आहे. या बाजूला की त्या बाजूला, माहीत नाही.

तू मद्रासला आहेस असं तुझ्या कार्डावर होतं. निकाल जुलैत तिथल्या फलकावर आधी लागतो. जाशील? वाटेत कुठे थांबू नकोस, एवढंच. नंबर कागदाच्या मागे लिहिला आहे.

चंद्रमती

*

मद्रास
१८ जुलै १९९३

अक्का,

तार पोचली असेल. पण तारेत शब्द मोजून द्यावे लागतात आणि मला ते जमत नाही, म्हणून हे.

सकाळी निघालो ते सरळ निघालो, शपथ. बसमध्ये एक माणूस पिंजऱ्यात लांडोर घेऊन बसला होता. विचार कर, लांडोर! मी त्याला एक शब्द विचारला नाही. ती कुठून आणली, कुठे नेतोय, काही नाही. तुझ्यासाठी एवढं कुणी केलं नसेल.

फलकापुढे ही गर्दी. मला एवढे आकडे एका जागी बघितले की झोप येते, तुला माहीत आहे. बोट लावून एकेक वाचत गेलो. तुझा नंबर येईना. मागचे ढकलत होते. एक मुलगा रडत बाजूला झाला, तेव्हा त्याच्या डोक्यामागे होता तो. तुझा. मी पुन्हा तुझ्या पत्राशी ताडून बघितला. मग शेजारच्या अनोळखी माणसाला म्हटलं, तुम्ही वाचा. त्याने वाचला. मग त्यालाच मिठी मारली. त्याचा नंबर नव्हता. मग त्याला कॉफी पाजली, आणि त्याला सोलापूरच्या साहेबांचं सगळं सांगितलं, साल वर, प्रश्न शेवटून. दिंडीचंही सांगितलं. तो म्हणाला, मला गाता येत नाही. मी म्हटलं, मोडता येतं ना?

म्हणून तार करायला दुपार झाली. वाटेत थांबलो नव्हतो. पोचल्यावर थांबलो.

कार्ती

*

तंजावर
२४ ऑक्टोबर १९९३

कार्ती,

तुझी तार अप्पांनी घेतली. वाचली. आत जाऊन कोट घालून आले आणि तो घालूनच तिण्णैवर बसले, येणाऱ्याजाणाऱ्याने विचारावं म्हणून.

पाटी रंगवून झाली. सरांचं नाव वर, माझं खाली. त्रिचीवाल्यांना सरांनी स्वतः पत्र घातलं. तेव्हापासून विवरणपत्रं भरायची गर्दी आहे, म्हणून आजवर लिहिलं नाही. पण एक सांगायचंच होतं.

काल माझ्या पहिल्या सहीला पापनाशमची तांदूळ गिरणी आली. भागीदारीतली. सरांनी कच्चा हिशेब करून कागद माझ्यापुढे ठेवला. “बघून सही कर.” मी पेन उघडलं. सवयीने ओठ हलले, ‘नोंदली पेढी’, आणि ठेच लागली. हात तिथेच. मी कागद पुन्हा वाचला. सरांनी पेढी नोंदली होती. थोडा कर लावला होता, बाकीचा भागीदारांच्या माथी.

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी चष्मा लावून बघितलं. मग हसले. “तीस वर्षं हात तसाच गेला, अम्मा. तुला कसं दिसलं?”

मी म्हणून दाखवलं. मोडकं, जसंच्या तसं. सर मन लावून ऐकत होते. म्हणाले, “पुन्हा म्हण.” मग कागद दुरुस्त झाला आणि मी सही केली. त्याआधी डोक्यावरचं साल तपासलं.

घरी आले तर न्हाणीघरातून अप्पांचा आवाज. निकालानंतर मी त्यांना सगळं खरं सांगितलं होतं, की ते देवाचं पद नाही आणि ती ओळ मुद्दाम मोडली आहे. ऐकून त्या दिवशी फार खट्टू झाले होते. काल दारात उभी राहून ऐकलं. ‘नोंदली पेढी’ म्हणाले, थांबले, तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग ‘छे, आता सगळ्या एकसारख्याच.’ अगदी बरोबर जागी पडले. शेषम्मा आता तिथे टाळी वाजवते.

या वर्षीच्या बजेटने आणखी तीन ओळी मोडायच्या झाल्यात. दोन मी मोडल्या. तिसरी मला फार आवडते, माझ्याने होत नाही. ती तुझ्यासाठी ठेवली आहे. दिवाळीला ये. ओरत्तनाडूची जागा भरली, अप्पांनी चौकशी केली आहे. आता कुणी तुला शिपाई करणार नाही. बसने ये, पत्राने नको. येताना लांडोर दिसली तर थांब हवं तर. पण ये.

चंद्रमती